पेशीतील कोरी जागा : जीवद्रव्यापासून ज्वारीच्या शेतापर्यंत

धागा दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

शालेय विज्ञानाच्या पुस्तकातील पेशीची आकृती आठवून पाहा. मध्यभागी केंद्रक, त्याच्या आसपास शेंगेच्या आकाराच्या तंतुकणिका, एका बाजूस गॉल्जी संकुल, कोपऱ्यात एखादी रिक्तिका. प्रत्येक अवयवाला बाण आणि प्रत्येक बाणाला नाव. 'पेशीद्रव्य' या नावाचा बाण मात्र जिथे काहीच काढलेले नाही अशा कोऱ्या जागेत जाऊन थांबतो. सगळे काढून झाल्यावर जे उरले, ते पेशीद्रव्य.

या कोऱ्या जागेला मोठा विलक्षण इतिहास आहे. १८६८ साली युरोपातील एखाद्या सुशिक्षित माणसाला 'जीवन नेमके कशात असते?' असे विचारले असते, तर त्याने बहुधा याच जागेकडे बोट दाखवले असते. १९२६ साली त्या काळातील सर्वांत प्रभावी आनुवंशशास्त्रज्ञाने असे लिहून ठेवले की, वारशाचा विचार करताना ही जागा हिशेबात धरली नाही तरी चालेल. आणि १९७० साली याच जागेत दडलेल्या एका वैगुण्यापायी अमेरिकेतील मक्याची शेते राज्यामागून राज्य करपत गेली. राजांच्या बखरी वाचताना रयत कुठे गेली असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांना ही कथा अनोळखी वाटणार नाही.

आरंभापासूनच या द्रव्याच्या वाट्याला उपेक्षा आली, ती एका शब्दामुळे. रॉबर्ट हूकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा पातळ काप ठेवला, तेव्हा त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांना त्याने 'सेल' म्हटले. बूच म्हणजे झाडाची मृत साल. त्यामुळे हूकने पाहिल्या त्या रिकाम्या खोल्या. त्यांतील रहिवासी केव्हाच निघून गेले होते. पुढे दीड-दोन शतके वनस्पतींचे अभ्यासक भिंतीच मोजत राहिले. १७७४ साली बोनाव्हेंतुरा कॉर्ती या इटालियन अभ्यासकाने एका पाणवनस्पतीच्या पेशीत रस संथपणे गोल फिरताना पाहिला आणि ते निरीक्षण प्रसिद्धही केले. पण तो रस म्हणजेच जिवंत द्रव्य असावे, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात रुजला नाही. १८३१ साली रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशींतील गोल ठिपक्याला 'न्यूक्लियस' म्हणजे केंद्रक हे नाव दिले. भिंतीला नाव मिळाले, ठिपक्याला नाव मिळाले. मधल्या ऐवजाला नाव नव्हते.

ते नाव मिळाले एका भांडणातून. बर्लिनचा एरेनबर्ग हा सूक्ष्मजीवांचा त्या काळातील सर्वश्रेष्ठ जाणकार मानला जाई. त्याने पाण्यातील एकपेशीय जीवांना निळीचे आणि किरमिजी रंगाचे कण खाऊ घातले. त्यांच्या शरीरात रंगीत गोळे दिसू लागले. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की, या इवल्याशा जीवांना अनेक जठरे असतात. मोठ्या प्राण्यांसारखेच सर्व अवयव त्यांना आहेत, फक्त ते अतिसूक्ष्म आहेत. फेलिक्स दुजार्दँ या फ्रेंच अभ्यासकाला हे पटले नाही. हा घड्याळजीचा मुलगा, बव्हंशी स्वतःच्या बळावर शिकलेला. सूक्ष्म जीव दबले जाऊन फुटले की त्यांतून काय बाहेर येते, हे त्याने बारकाईने पाहिले. जठर नाही, आतडे नाही. बाहेर येतो तो एक पारदर्शक, चिकट, पाण्यात न विरघळणारा आणि स्वतःहून आकसणारा पदार्थ. १८३५ साली त्याने त्याला 'सार्कोड' असे नाव दिले. अवयव नसतानाही जे खाते, हलते आणि आकसते, असे द्रव्य असू शकते, हा त्या काळी धाडसी विचार होता. माझ्या मते या सबंध कथेतील सर्वांत मूलगामी क्षण हाच. पाठ्यपुस्तके मात्र त्याला एका ओळीपलीकडे जागा देत नाहीत.

१८३९ साली ब्रेस्लाउ येथील चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याने गर्भातील आद्य द्रव्यासाठी 'प्रोटोप्लाझ्म' हा शब्द वापरला. तरुणपणी तो एका ख्रिस्ती धर्मसंघात शिकलेला होता, आणि धार्मिक लॅटिनमध्ये 'प्रोटोप्लास्टस' म्हणजे प्रथम घडवलेला मानव, आदम. अध्यात्माच्या परिभाषेतून आलेला हा शब्द पुढे जडवाद्यांचे निशाण व्हावा, हे गमतीचेच. १८४६ साली ह्युगो फॉन मोल याने तोच शब्द वनस्पतींच्या पेशीतील चिकट ऐवजाला लावला. १८६१ साली बॉन येथील माक्स शुल्ट्झेने पेशीची व्याख्याच बदलून टाकली. पेशी म्हणजे भिंत नव्हे. पेशी म्हणजे केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा, असे त्याने मांडले. दुजार्दँचा 'सार्कोड' आणि मोलचे 'प्रोटोप्लाझ्म' एकच आहेत, हेही त्याने दाखवले. अमीबा, चिंचेचे पान आणि माणसाचे स्नायू यांच्या तळाशी एकाच जातीचे द्रव्य आहे, असा त्याचा अर्थ होता. हूकच्या रिकाम्या खोलीतला रहिवासी दोनशे वर्षांनी घरमालक ठरला.

आता एडिंबरोला जाऊ. दिनांक ८ नोव्हेंबर १८६८, रविवारची संध्याकाळ. व्यासपीठावर टॉमस हेन्री हक्सले, डार्विनचा सर्वांत लढवय्या समर्थक. विषय होता जीवनाचा भौतिक आधार. अंगाला लागताच आग करणाऱ्या नेटल नावाच्या रानवनस्पतीपासून त्याने आरंभ केला. आपल्याकडील श्रोत्यांपुढे त्याने खाजकुयली घेतली असती. त्या वनस्पतीच्या एका केसात, म्हणजे एकाच लांबट पेशीत, जीवद्रव्याचे प्रवाह अखंड वाहत असतात. आपले कान पुरेसे तीक्ष्ण असते, तर भर दुपारी निःशब्द भासणाऱ्या अरण्यातही या प्रवाहांचा कोलाहल ऐकू आला असता, अशा आशयाचे चित्र त्याने उभे केले. मग तो मुद्द्यावर आला. हे द्रव्य सर्व सजीवांत मूलतः एकच. ते कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचे बनलेले. मी मटण खातो, तेव्हा मेंढीचे जीवद्रव्य माझे जीवद्रव्य होते. उद्या मी समुद्रात बुडालो, तर खेकड्याच्या जातीचे जीव माझ्याबाबतीत तोच व्यवहार उलट दिशेने करतील. पाण्याचे गुण समजावून सांगण्यासाठी 'जलत्व' नावाची गूढ शक्ती मानावी लागत नाही. मग जीवद्रव्याचे गुण सांगताना 'प्राणशक्ती' कशाला हवी?

आपण जडवादी नाही, असे हक्सलेने त्याच व्याख्यानात बजावले होते. ते फारसे कोणी ऐकून घेतले नाही. १८६९ च्या फेब्रुवारीत हे व्याख्यान एका नियतकालिकात छापून आले आणि मागणीपायी तो अंक पुनःपुन्हा छापावा लागला. स्कॉटिश तत्त्वज्ञ स्टर्लिंग याने त्याच वर्षी प्रत्युत्तरादाखल पुस्तिका लिहिली. प्रयोगशाळेतील एक पारिभाषिक शब्द घराघरांतील वादाचा विषय झाला. येथे पणाला काय लागले होते, ते नीट ध्यानात घ्यावे. आत्मा, ईश्वर, माणसाचे वेगळेपण हे सारे प्रश्न आता एका चिकट, रंगहीन गोळ्याभोवती लढवले जात होते. त्यामुळे त्या गोळ्याकडून असलेल्या अपेक्षाही अवाच्या सवा वाढल्या.

त्या अपेक्षांनी केलेला घात फार नाट्यमय आहे. १८५७ साली अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकण्यासाठी 'सायक्लॉप्स' या जहाजाने समुद्राची खोली मोजली आणि तळाचा गाळ वर आणला. तो मद्यार्कात घालून हक्सलेकडे पाठवण्यात आला. अकरा वर्षांनी, म्हणजे एडिंबरोच्या व्याख्यानाच्याच वर्षी, त्याने अधिक शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली तो पुन्हा तपासला. गाळात त्याला एक चिकट जेलीसारखा पदार्थ दिसला. भिंत नाही, केंद्रक नाही, निव्वळ जीवद्रव्य! त्याने या 'जीवा'ला नाव दिले बॅथिबियस हेकेली, जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल याच्या सन्मानार्थ. हेकेल हरखून गेला. निर्जीवातून सजीव कसे उपजले असावे, याचा साक्षात पुरावा त्याला यात दिसत होता. महासागराचा सबंध तळ जिवंत जेलीने आच्छादलेला असावा, अशी कल्पना रंगू लागली.

डिसेंबर १८७२ मध्ये 'चॅलेंजर' हे संशोधन जहाज इंग्लंडहून जगाच्या सफरीवर निघाले. त्यावरील शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणचा ताजा गाळ काढून पाहिला. बॅथिबियस कुठेच सापडेना. मात्र मद्यार्कात साठवलेल्या नमुन्यांत ते दिसे. जहाजावरील रसायनज्ञ जॉन यंग ब्यूकॅनन याने कोडे सोडवले : समुद्राच्या पाण्यात तीव्र मद्यार्क ओतला की कॅल्शियम सल्फेट चिकट साक्याच्या रूपाने खाली बसते. आदिजीव म्हणून मिरवत होते ते बाटलीत तयार झालेले क्षार होते. १८७५ साली हे वृत्त हक्सलेपर्यंत पोहोचले आणि त्याने 'नेचर'मध्ये ते स्वतःच जाहीर करून टाकले. हेकेल मात्र पुढेही काही वर्षे बॅथिबियसला सोडायला तयार नव्हता.

या प्रसंगाची टिंगल करणे सोपे आहे. पण हक्सलेने डोळे मिटून काही पाहिले नव्हते. जेली खरोखरच समोर होती. जीवद्रव्य कसे दिसेल, हे आधीच ठरलेले असल्यामुळे जे तसे दिसले, ते जीवद्रव्य ठरले. साधनाने निर्माण केलेली वस्तू आणि मुळात असलेली वस्तू यांतील भेद ओळखणे हे इतिहासाच्या अभ्यासकालाही रोजचेच काम आहे; नंतरच्या काळात रचलेली कागदपत्रे समकालीन म्हणून वाचली की त्याचे बॅथिबियस होते. १८९९ साली विल्यम हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाने याच धर्तीचा आणखी एक धक्का दिला. मृत पेशी टिकवण्यासाठी वापरलेली रसायनेच जीवद्रव्यात जाळी आणि कण उत्पन्न करू शकतात, हे त्याने दाखवले. जीवद्रव्य फेसासारखे आहे, जाळीसारखे आहे की कणांचे आहे, यावर जर्मन विद्यापीठांत चाललेल्या हाणामारीतील अर्धा दारूगोळा त्यामुळे ओला झाला.

दरम्यान सिंहासनावर दुसराच दावेदार चढत होता. १८७६ साली ऑस्कर हेर्टविगने समुद्री साळूच्या अंड्यात शुक्रपेशीचे आणि अंडपेशीचे केंद्रक एकत्र येताना पाहिले. १८८२ साली वाल्थर फ्लेमिंगने पेशी विभागताना केंद्रकातील धाग्यांची लांबीच्या दिशेने होणारी काटेकोर वाटणी सविस्तर वर्णिली. त्यापुढील तर्क मोठा देखणा आहे. अंडपेशीत पेशीद्रव्याचा भला मोठा साठा असतो. शुक्रपेशीत ते जवळजवळ नसतेच. तरीही अपत्यात आईचे आणि वडिलांचे गुण सारख्याच प्रमाणात उतरतात. दोन्हीकडून सारखे येते ते केवळ केंद्रक. म्हणून वारसा केंद्रकात असला पाहिजे. १८८४-८५ च्या सुमारास हेर्टविग, स्ट्रासबुर्गर, क्योलिकर आणि वाइझमान या निष्कर्षावर पोहोचले.

नावांची फाळणीही याच सुमारास झाली. 'सायटोप्लाझ्म' हा शब्द क्योलिकरने १८६० च्या दशकात घडवला होता, पण तेव्हा तो जीवद्रव्याचाच पर्याय होता. १८८२ साली स्ट्रासबुर्गरने केंद्रकाबाहेरचे ते सायटोप्लाझ्म आणि केंद्रकातील ते न्यूक्लिओप्लाझ्म, अशी वाटणी केली. मराठी पाठ्यपुस्तकांतील 'जीवद्रव्य' आणि 'पेशीद्रव्य' या दोन शब्दांमागे ही फाळणी उभी आहे. मराठीत दोन्ही शब्दांत 'द्रव्य' समान राहिले, त्यामुळे एकाचा अधिकार काढून घेतला गेल्याचे जाणवतही नाही.

उरलेसुरले गूढ एदुआर्द बुखनरच्या प्रयोगाने संपवले. किण्वन म्हणजे यीस्टच्या जिवंतपणाचाच आविष्कार, अशी पाश्चरची ठाम भूमिका होती. बुखनरने यीस्ट वाळूबरोबर खलून त्याच्या पेशी फोडल्या आणि दाबाखाली रस गाळून घेतला. रस औषधी प्रयोगांसाठी हवा होता. तो खराब होऊ नये म्हणून त्यात साखर घातली. आपण मुरांब्याला घालतो तशीच. रस टिकण्याऐवजी त्यातून बुडबुडे येऊ लागले. एकही जिवंत पेशी नसताना साखरेचा मद्यार्क होत होता. १८९७ साली हे प्रसिद्ध झाले आणि १९०७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्याला ठाऊक आहे की साखर फोडण्याच्या या साखळीतील विकरे पेशीद्रव्याच्या द्रवभागात असतात, म्हणजे बुखनरने पेशीद्रव्य जवळपास शब्दशः बाटलीत भरले होते. पण त्या काळी याचा परिणाम उलटाच झाला. ज्याला लोक जीवन म्हणत होते, ती विकरांची पिशवी निघाली. आदर कमी झाला तो झालाच.

यानंतरचा साक्षीदार आपल्या परसातला आहे : गुलबक्षी. दक्षिण अमेरिकेतून आलेली, संध्याकाळी उमलणारी, मुलींच्या वेण्यांत मिरवणारी. मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक असलेल्या कार्ल कोरेन्सने गुलबक्षीच्या एका चट्ट्यापट्ट्यांच्या वाणावर प्रयोग केले. या वाणात एकाच झाडावर काही फांद्या हिरव्या, काही पांढुरक्या आणि काही दोन्हींच्या मिश्रणाच्या असतात. कोरेन्सने निरनिराळ्या फांद्यांवरील फुलांचा परस्परांशी संकर केला. मेंडेलच्या नियमांनुसार पराग कुठून आला, याचा परिणाम दिसायला हवा होता. तो दिसलाच नाही. बी हिरव्या फांदीवर धरले, तर रोप हिरवे. पांढऱ्या फांदीवर धरले, तर रोप पांढरे, आणि हरितद्रव्याअभावी ते लवकरच मरे. मिश्र फांदीवरील बियांतून तिन्ही प्रकार निघत. वडील कोणीही असोत, आईची फांदी निर्णायक होती. १९०९ साली हे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी एर्विन बाउर याने जेरेनियमच्या गटातील झाडांत तशाच मेंडेलबाह्य वारशाची नोंद केली. तिथे मात्र वारसा आई आणि वडील दोघांकडून उतरत होता. वारसा केंद्रकाबाहेरही असतो, याचा हा उघड पुरावा होता, आणि मेंडेलचा झेंडा हाती घेतलेल्या माणसानेच तो पुढे केला होता. कोरेन्सचा प्रामाणिकपणा यात दिसतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे काय झाले? अमेरिकेत टॉमस हंट मॉर्गन आणि त्याचे विद्यार्थी फळमाशीच्या गुणसूत्रांवर जनुकांचे नकाशे मांडत होते. काम अपूर्व होते. यश डोळे दिपवणारे होते. गुलबक्षीसारखी उदाहरणे अपवादांच्या कप्प्यात गेली. १९२६ साली मॉर्गनने लिहिले की, लवकांच्या वारशाची विरळ उदाहरणे सोडली तर आनुवंशशास्त्राने पेशीद्रव्य दुर्लक्षिले तरी चालेल. आज हे विधान उद्धटपणाचे वाटते. मला ते तसे वाटत नाही. ज्याच्या हातात चालणारी पद्धत असते, तो त्या पद्धतीला न सापडणारे मागे टाकतो. दप्तरखान्यातील कागदांवरून इतिहास लिहिणारा ज्यांनी कागद मागे ठेवले नाहीत त्यांना विसरतो, तसेच. पण विसरण्याची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते.

पेशीद्रव्याच्या पुनरागमनाचा प्रयोगशाळेतील भाग थोडक्यात सांगतो. आल्बेर क्लोदने पेशी फोडून त्यांतील घटक वेगाने फिरणाऱ्या यंत्रात वजनानुसार वेगळे केले. १९४५ साली पोर्टर, क्लोद आणि फुलम यांनी कोंबडीच्या गर्भातील पेशीचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेले चित्र प्रसिद्ध केले, आणि कोऱ्या जागेत विणलेल्या जाळीसारखी रचना दिसली. पॅलाडेने प्रथिने घडवणाऱ्या कणांचा, म्हणजे रायबोझोमांचा, मागोवा घेतला. १९६२-६३ च्या सुमारास हरितलवकांत आणि तंतुकणिकांत स्वतंत्र डीएनए असल्याचे दिसून आले. कोरेन्सच्या गुलबक्षीचा उलगडा पन्नास वर्षांनी झाला : पांढरा-हिरवा रंग ज्या लवकांवर अवलंबून होता, ती लवके अंडपेशीच्या पेशीद्रव्यातून उतरत होती. माणसाच्या तंतुकणिकाही आईकडूनच येतात. केंद्रकाला संदेश पाठवता येतो. पण त्या संदेशावरून प्रथिन घडते ते पेशीद्रव्यात, साखर फुटू लागते ती पेशीद्रव्यात, ऊर्जेचा मोठा वाटा पेशीद्रव्यातील तंतुकणिकांत तयार होतो. फलनानंतरच्या पहिल्या काही विभाजनांत तर गर्भ मुख्यतः आईने अंड्यात भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालतो.

आता शेतात. मक्याच्या झाडाच्या शेंड्याला तुरा येतो, तो नर; कणीस मध्ये येते, ते मादी. संकरित बियाणे काढायचे तर आई म्हणून निवडलेल्या ओळींचे तुरे पराग उडण्याआधी हाताने खुडावे लागतात. अमेरिकेत दर उन्हाळ्यात शाळकरी मुलामुलींचे तांडे या कामावर लावले जात. १९३१ साली मार्कस रोड्सने मक्यात असे झाड नोंदवले होते की ज्यात पराग तयारच होत नाही आणि हा दोष आईच्या पेशीद्रव्यातून उतरतो. पुढे १९४० च्या दशकात टेक्सासमध्ये अशाच गुणाचा एक पक्का स्रोत सापडला. त्याचे नावच 'टेक्सास पेशीद्रव्य' पडले. या पेशीद्रव्याची आई वापरली की तुरा खुडण्याची गरज नाही. मजुरी वाचली. बियाणे कंपन्यांनी ते एका वाणातून दुसऱ्यात घातले, आणि १९७० पर्यंत अमेरिकेतील संकरित मक्याचा फार मोठा हिस्सा या एकाच पेशीद्रव्याचा झाला. केंद्रके निरनिराळी होती. कागदावर वाण शेकडो होते. पण आई एकच होती. वाणांची विविधता मोजणाऱ्यांनी मॉर्गनसारखीच मोजणी केली : पेशीद्रव्य हिशेबात धरले नाही.

१९६१ साली फिलिपिन्समधील संशोधकांनी या पेशीद्रव्याचा मका पानांवरील करप्याला विशेष बळी पडतो, असे नोंदवले होते. ते तिथेच राहिले. १९७० च्या आरंभी फ्लोरिडात करप्याच्या बुरशीचा नवा प्रकार दिसला. उबदार, ओलसर हवेत वाऱ्याबरोबर तिचे बीजाणू उत्तरेकडे सरकत गेले आणि उन्हाळ्यात मक्याच्या मुख्य पट्ट्यात पोहोचले. देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले. दक्षिणेतील काही भागांत निम्म्याहून अधिक. नुकसान सुमारे एक अब्ज डॉलरचे मानले जाते. पुढील संशोधनात कारण सापडले : या पेशीद्रव्यातील तंतुकणिकांमध्ये एक विचित्र प्रथिन तयार होते, त्याचा नरवंध्यत्वाशी संबंध आहे, आणि बुरशीचे विष नेमके त्याच प्रथिनाला गाठून तंतुकणिकांच्या पटलाला भोके पाडते. मजुरी वाचवणारा गुण आणि पीक मारणारा दोष एकाच रेणूत होते. १९७२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने प्रमुख पिकांच्या जनुकीय असुरक्षिततेवर अहवाल काढला. मधल्या काळात शाळकरी मुले पुन्हा तुरे खुडू लागली होती.

महाराष्ट्राचा संबंध येथे येतो, आणि तो ज्वारीचा आहे. ज्वारीच्या एका कणसात असंख्य बारीक फुले असतात आणि प्रत्येकात नर-मादी एकत्र. तुरा खुडण्यासारखा सोपा उपाय तिथे नाही. १९५४ साली टेक्सासमधील स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मार्ग काढला : 'मिलो' ज्वारीची आई घेऊन तिच्यावर पिढ्यानपिढ्या 'काफिर' ज्वारीचे पराग टाकत गेले, की केंद्रक काफिरचे आणि पेशीद्रव्य मिलोचे, असे झाड मिळते, त्याला पराग धरत नाही. १९६४ साली भारतात सीएसएच-१ हे पहिले संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले. त्याची आई अशीच होती. आफ्रिकेतून निघून टेक्सासमार्गे आलेले ते पेशीद्रव्य विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत शिरले. गावोगावी त्याला एकच नाव मिळाले, 'हायब्रीड'. त्याच वर्षी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी उभी राहिली आणि जालना बियाण्यांचे शहर झाले. उत्पादन वाढले, कडबा ठेंगणा झाला, पावसात सापडलेल्या कणसांवर काळी बुरशी धरू लागली, आणि घरचे बी राखण्याची रीत सुटली. लाभ-हानीचा हा हिशेब मोठा आहे; त्यासाठी वेगळा धागा हवा.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या अमेरिकेच्या लाल मिलोची आठवण ज्येष्ठ मंडळी आजही तोंड वाकडे करून सांगतात. भाकरी थापली जाईना, चव लागेना. मिलो हे नाव लोकांनी ताटात ओळखले. तेच नाव आठ वर्षे आधीपासून खरिपाच्या शेतात पेशीद्रव्याच्या रूपाने उभे होते, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नसावे.

मिलो पेशीद्रव्याने ज्वारीवर मक्यासारखे संकट आणलेले नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. बाजरीची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९६५ नंतरच्या पहिल्या संकरित बाजरीवर केवडा रोगाचे मोठे तडाखे बसले. तेव्हा संशय पेशीद्रव्यावर गेला. पुढील अभ्यासात तो टिकला नाही. दोष त्या एकाच मादी वाणाच्या केंद्रकातील वारशाचा होता. म्हणजे पेशीद्रव्याला आधी विनाकारण देव केले, मग विनाकारण क्षुद्र ठरवले, आणि एकदा विनाकारण आरोपीही केले.

तरीही भारतातील बहुतेक संकरित ज्वारी आजवर त्या एकाच मिलो पेशीद्रव्यावर उभी राहिली आहे. पर्याय शोधण्याचे काम हैदराबादजवळील इक्रिसॅटसह अनेक ठिकाणी झाले. त्यांपैकी एक स्रोत सोलापूरकरांच्या ओळखीचा आहे : मालदांडी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीत पिकणाऱ्या, उत्तम भाकरीसाठी नावाजलेल्या या ज्वारीच्या गटातही नरवंध्यत्व आणणारे स्वतंत्र पेशीद्रव्य आढळले. अडचण एवढीच की, शेतकऱ्याच्या शेतात दाणे भरण्यासाठी संकरात पुन्हा पराग आणणारा वडील लागतो, आणि मालदांडी पेशीद्रव्याला असे वडील फार थोडे सापडतात. त्यामुळे हे पेशीद्रव्य मुख्यतः संशोधन केंद्रांच्या वाणसंग्रहांतच राहिले आहे, आणि मंगळवेढ्याचा शेतकरी मालदांडीचे सरळ बी पेरतो.

धागा समाप्त.